घट

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी हरिपूरला जायचं,
शेडचं सील तोडायचं, चार नंबरच्या पिपात
पितळी मोजकाठी उभी सोडायची,
ओल कुठवर चढली ते बोटानं धरून ठेवायचं
आणि रजिस्टरच्या सातव्या रकान्यात लिहायचं : घट.
एक्साइजमधली माझी नऊ वर्षं या एका शब्दावर गेली.

मालक भूपाल मगदूम. स्वतः थेंब घेत नाहीत.
चातुर्मासात कांदासुद्धा नाही.
कुठल्याशा लांबच्या भट्टीत जवाची माल्ट निघाली,
त्यातलं एकच पीप यांनी ट्रकमधून आणलं.
दुसऱ्या पिपात मिसळायचं नाही, पाणी घालायचं नाही,
शेवटी जे उरेल ते बाटलीत, वर पिपाचा नंबर.
"हळदीचं तेच की," म्हणाले,
"एका पेवाचा माल दुसऱ्यात ओतला
की दोन्हींचा वास मरतोय."

त्यांचे वडील पेव उघडलं की आधी कंदील सोडत खाली.
विझला, तर माणूस उतरायचा नाही.

पेवात हळद वजनाला वाढते, असं व्यापारी सांगतात.
इथं उलटं. सांगलीचा उन्हाळा
पत्र्याखाली बसून रोज घोटभर घेत होता,
परवान्याशिवाय.
पहिल्याच वर्षी दोनशे लिटरमधले अठरा गेले.
मी आकडा मोठ्यानं वाचला.
मगदूम छताकडे बघत राहिले,
जेवून उठलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे.

चौथ्या वर्षी पीप पाझरलं.
मिरजेहून दस्तगीर मिस्त्री आले,
सतारीचे भोपळे कापणारा हात.
फटीत नदीकाठच्या पाणकणसाची पात ठोकली,
मग बोटाच्या पेरानं पीप वाजवत गेले वरून खाली,
एका जागी थांबले : "एकशे तीस."
माझी काठी म्हणाली, एकशे एकतीस.
"काठी ओली असंल," दस्तगीर म्हणाले.

आणि मग ते पुराचं वर्ष.
गावातली पेवं फुटली, गल्ल्यांतून पिवळं पाणी.
नऊ दिवसांनी गेलो तर कुलपावरचं सील शाबूत,
आत जमीनच नव्हती, नुसता गाळ.
पीप आढ्यापर्यंत तरंगून खाली आलं होतं
आणि मगदुमांच्या जुन्या वजनकाट्यावर
तिरकं बसलं होतं, मोजून घ्यायला आल्यासारखं.
"भरल्यालं असतं तर भिंत घिऊन फुटलं असतं, सायेब.
उन्हानं पिलं म्हणून ऱ्हायलं."
पुरासाठी रकाना नव्हता. मी नेहमीचाच आकडा लिहिला.

नवव्या वर्षी उतरवलं. पट्ट्यांवर अजून हळद.
एकशे सहा बाटल्या भरल्या, आणि एक अर्धी.
अर्धीला लेबल लागत नाही.
नियमानं पंच बोलावून ओतून टाकायची.
मगदुमांनी ती नाकाशी धरली,
इतका वेळ, की बाहेर टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.
"काय येतंय?" मी विचारलं.
"पेव," म्हणाले. "कंदील जळत ऱ्हायला
की वडील वरनं म्हणायचे, उतर आता."

शेडला कुलूप लावताना
ती बाटली कुणाच्या पिशवीत होती, मी बघितलं नाही.
दस्तगीर स्कूटरवर जरा सरळ बसले होते, एवढंच.

सातव्या रकान्यात तीनशे ऐंशी मिली वाढवले.
शेरा : यंदा उन्हाळा कडक.