लाल काच

रिटायर होताना सगळं जमा केलं,
शिट्टी, झेंड्या, नियमांचं पुस्तक.
हातबत्ती तेवढी राहिली.
रत्ना म्हणते, राहिली नाही, ठेवली.

बत्तीला तीन रंग. चौतीस वर्षं
मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून
मी लाल धरला की सगळं थांबायचं.
आता भुसावळात, यार्डामागच्या आमच्या दोन खोल्यांत
रात्री पावणेबाराला तोच लाल धरतो
आणि हालचाल सुरू होते.

जळगावहून आणले होते चार, मिशांचे.
दुकानदार म्हणाला, कॅटफिश, लाजाळू, रात्रीचे.
म्हटलं, मग आपल्याच खात्यातले.

दिवसा टाकीत गोल्डफिशचं राज्य.
दाणा पडायच्या आत तोंडं वर,
गाडी थांबायच्या आधीच
जनरलच्या दाराला लटकणाऱ्यांसारखी.
चौघं मात्र करवंटीखाली, फुटक्या कौलाखाली,
मिशीचं एखादं टोक बाहेर.

मी दाणे वाढवले. गोल्डफिश फुगले, पाणी गढुळलं.
मग ट्यूब लावून, कौल उचलून विचारायचो,
जेवलात का रे? का नाही जेवलात?
रोज. दोनदोनदा.
एक गेला.
पोट खपाटीला, वजन चिंचोक्याएवढं.
जास्वंदीच्या कुंडीत पुरला.

फोनवर दुकानदार म्हणाला, काका,
आधी बघणं बंद करा.
दिवा घालवा, तासभर जाऊ द्या,
बुडणारे दाणे कौलाच्या तोंडाशी सोडा आणि निघून या.
फारच वाटलं तर लाल उजेडात बघा,
लाल त्यांना दिसत नाही म्हणतात.

तेव्हापासून हे असं.
मे महिन्यात पाणी तापतं, तर बर्फाची बाटली तरंगत ठेवतो.
कधी गिलक्याची चकती, चमच्याला दोऱ्यानं बांधून तळाशी.
आणि अंधारात स्टुलावर बसतो.
दूर शंटिंगचा धक्का, डब्यामागून डबा वाजत जातो,
मग कौलाखालून आधी मिशा येतात,
वाळू चाचपत, आंधळ्याच्या काठीसारख्या,
आणि मागून आख्खा मासा.

जूनमध्ये भटू आला, शिंदखेड्याकडचा,
रत्नाच्या मावसभावाचा मुलगा, आयटीआयला.
सतरा वर्षांचा, हात ढोपरापर्यंत लांब.
ताटावर बसला की दीड भाकरी. पुढे हात आडवा.
"पोट भरनं, आबा."
रत्ना वाढायला वाकली की ताट मागे सरकायचं.
आम्ही दोघं दोन बाजूंनी,
अरे घे, लाजतोस काय, आपलंच घर आहे.
पंधरा दिवसांत त्याची हनुवटी टोकदार झाली.

एका रात्री मी स्टुलावर, बत्ती अजून लावलेली नाही,
स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. इतकंसं.
उठणार होतो.
खटक्यावर अंगठा होता, पांढऱ्याच्या.
कुंडीतला तो आठवला.
बसून राहिलो.
कळण्याची भाकरी मोडल्याचा आवाज
रात्री किती मोठा येतो, तेव्हा कळलं.

रत्नाला काही सांगितलं नाही.
तिनंही मला काही विचारलं नाही,
फक्त रात्रीच्या भाकऱ्या चाराच्या सहा झाल्या,
आणि झाकण डब्यावर नुसतं टेकवलेलं, दाबलेलं नाही.
ताटावर आता आम्ही आग्रह करत नाही.
यार्डातल्या बातम्या बोलतो, केळीचा भाव बोलतो.
सकाळी डबा घासलेला, पालथा.
त्याला वाटतं, आम्ही झोपलेलो असतो.
असतोच, डोळे मिटून.

परवा सकाळी चहा पिताना,
बुटाची लेस बांधता बांधता, सहज म्हणाला,
"मावशी, कालना ठेचामा मीठ कमी व्हतं."

काल जेवताना ठेचा नव्हताच.
तो रत्नानं नंतर कुटला होता,
भांडी झाल्यावर, भाकऱ्यांशेजारी वाटीत झाकून.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
मी गोल्डफिशला उगाच दाणे टाकले.
रत्ना म्हणाली, बरं, आज बघते,
आणि दिवसभर
तिच्या तोंडून सासरची सगळी जुनी गाणी.