फळा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फळा
सतरा वर्षं मीच लिहितो.
खडू शाळेतून आणतो, मोजून.

उद्या नळ येणार नाही, मोटर जळली.
मंगळवारी डोळे तपासणी,
उमरेडची गाडी, आधार कार्ड आणावे.
तान्हा पोळा शुक्रवारी चार वाजता.
बैल लाकडाचाच असावा. पालकांनी शांतता राखावी,
मागच्या साली बैलांआधी बापच भिडले होते.

आणि खाली, उजव्या कोपऱ्यात:
भागरता नेवारे यांची शेळी हरवली आहे.
काळी. डावा कान फाटका.

शेळी तिसऱ्याच दिवशी परतली
मिरचीच्या वावरातून, शिंकत शिंकत.
आता तर व्यालीसुद्धा, दोन पाठी.

पुसायला गेलो, तर म्हातारी ओट्यावर बसलेली.
"वाच ना गा, काय लिवलं हाय?"
वाचलं.
"आता फकत माहं नाव वाच."

मतदार यादीत ती भागीरथी,
रेशनकार्डावर भागाबाई नेवार.
इथं तेवढी बरोबर आहे.

पोळ्याच्या बक्षिसांना जागा पुरेना.
सरपंच म्हणाले, ते शेळीचं काढा की,
महिना झाला.

हो म्हटलं,
आणि बक्षिसांची अक्षरं बारीक केली.