पेव

ऑर्विल टिंगेनं फोनवर विचारलं,
"तोंड बंद ठेवून खड्डा खणायचे किती घेशील?"
म्हटलं, खड्ड्याचे घेईन.
तोंडाचे वेगळे लावत नाही.

आयडाहोतला सप्टेंबर म्हणजे बटाट्याची धूळ.
बॅकहो घेऊन गेलो, तर कोठारामागे
दोन टाक्या आडव्या पडलेल्या,
पंधराशे गॅलनच्या, पिवळ्या, बरगड्यांच्या.
नेड्रा एप्रनला हात पुसत म्हणाली,
"उन्हात लोळणाऱ्या डुकरिणी!"
ऑर्विल हसला नाही. त्याच्या हातात वही होती.
किती खोल, किती वाळू, हवेची नळी कुठे,
उंदरांना कळू नये,
शेजाऱ्यांना तर नाहीच.
शेजारी म्हणजे दोन मैलांवरचा मी.
त्यानं वर पाहिलं आणि पान उलटलं.

नऊ फूट.
आधी काळी माती, मग गोटे,
मग निळसर चिकण, बादली सोडेना.
"ऑर्विल, ही निळी माती पाण्याची आहे."
"आत्ता कोरडी आहे ना?"
"सप्टेंबरात सगळंच कोरडं असतं."

पहिल्या टाकीत उतरल्या
गव्हाच्या दीडशे बादल्या,
तांदूळ, मध, मिठाच्या गोण्या,
दाढदुखीचं लवंगतेल, सुया,
आणि दोघांचे जुन्या नंबरचे चष्मे
(पुढे दिसेल ते अंधुक दिसलं तरी चालेल, नेड्रा म्हणाली).
एक माउथ ऑर्गन यादीत नव्हता.
तो तिनं मिठाखाली सरकवला
आणि मला डोळा मारला.

दुसरी रिकामीच.
"ही मार्लिसची."
मार्लिस टूसॉनला. सहा वर्षं फोन नाही.
का, ते अख्ख्या विलो फ्लॅटला ठाऊक आहे
आणि प्रत्येकाला वेगळं ठाऊक आहे.
"निदान पाणी तरी भर," मी म्हटलं,
"रिकामी टाकी जमिनीत ठेवू नये."
"तिच्या टाकीत, तिला न विचारता?"

मशीनवर बसलेल्या माणसाला
अशा प्रश्नांची सवय नसते.
मी माती लोटली.
त्यानं वर राय पेरली, खणल्याची खूण दिसू नये म्हणून.
पैसे रोख दिले. शिवाय बटाट्यांचं पोतं.

बर्फ चार फूट पडलं.
एप्रिलात तीन दिवस असा उबारा आला
की छपरं रात्रभर गळत राहिली,
कालवा काठ सोडून कुरणात फिरायला निघाला.
चौथ्या पहाटे नेड्राचा फोन.
"ये. मशीन नको. नुसता ये."

कोठारामागे जमीन उकललेली,
आणि मार्लिसची टाकी
अर्धी वर, जरा कलती,
पाठीवर रायचा हिरवा पट्टा तसाच उभा,
नुकता भांग पाडल्यासारखा.
हायवेवरून दिसत होती.
पिकअप हळू होत होत्या, एकानं तर हॉर्नही दिला.
दुपारपर्यंत गावात गप्पांचं पेव फुटणार होतं.
भरलेली मात्र खाली गप्प होती,
गहू, मीठ आणि ते एक वाद्य धरून.

ऑर्विल गमबूट घालून टाकीपाशी उभा.
त्यानं बोटाच्या पेरानं टाकीवर टकटक केली,
दार ठोठवावं तशी.
आत बराच वेळ घुमलं.

मग खिशातून फोन काढला.
नंबर शोधावा लागला नाही.
"मी... हो, मीच.
नाही, नाही, कोणी मेलेलं नाही.
तुझी टाकी वर आलीय."

पलीकडून काहीतरी आलं.
हसणं असेल, रडणं असेल;
इंजिनांपाशी उभं राहून राहून
माझा एक कान गेलाय.
नेड्रानं मात्र माझी बाही घट्ट धरली होती.

"टाकी गं, टाकी," तो सांगत होता,
"पिवळी. मोठी आहे.
तू उभी राहशील आत. नाही, आता मावणार नाहीस कदाचित,
किती उंच झालीस तू?"

एकोणचाळीस वर्षांच्या बाईला हे विचारत
तो चिखलात दोन पावलं पुढे गेला,
रेंज तिकडे जरा बरी येते.