मान धरून उचलू नये

अचाओच्या धक्क्यामागे, जाळ्यांच्या गोदामात
माझं टेबल. वर दिवा, खाली लाकडाची शेगडी,
आणि खोक्यात दुरुस्तीला आलेले
अठरा वॉकीटॉकी, माना टाकलेले.

कुठला कुणाचा ते विचारावं लागत नाही.
दातांच्या खुणा असल्या की सेगुंदोचा:
दोन्ही हात सुकाणूवर असले की तो अँटेना तोंडात धरतो.
टोकाचं रबर सोलून तार डोकावते तो इर्माचा,
तिने त्याने कालवण ढवळलेलं मी पाहिलंय.
बुडाशी वाकलेला म्हणजे बार्रिया बापलेकांपैकी एकाचा,
दोघंही रेडिओ मान धरून उचलतात,
सशाला उचलावं तसा.

सांगून थकले. अंगाला धरा, मानेला नको.
काढायचा तर बुडाची पितळी चकती चिमटीत घ्या,
रबर पिळू नका, आतली स्प्रिंग नाजूक असते.
हो हो म्हणतात.

खारं पाणी शिरलं की पितळ कळकतं.
जुना टूथब्रश, दोन थेंब स्पिरिट,
मधल्या सुईला नुसता कापूस.
रबर तडकलं असेल तर वर काळी नळी चढवायची,
केस वाळवायच्या यंत्राने ऊब द्यायची,
ती आक्रसते, घट्ट बसते,
अँटेना नवा दिसतो.
दिसतो.

एप्रिलमध्ये मेउलिनहून नोल्बेर्तो चिगुआय आला.
रेडिओ ठेवला नाही, आपटला.
म्हणाला, विकून टाक. माझ्याशी कुणी बोलत नाही.

सात आठवडे, रोज संध्याकाळी सहाला,
तो केनाकच्या भावाला हाक देत होता.
एवारिस्तो, बटाटे काढायला कधी येऊ?
ओ नाही.
बंदराचं हवामान मात्र खणखणीत ऐकू यायचं.
म्हणजे यंत्र ठीक.
म्हणजे भावानेच अबोला धरला.
म्हणजे कुंपणाचं ते जुनं प्रकरण
अजून त्याच्या पोटात आहे.
बटाटे निघाले. हा गेला नाही.

मी मापक जोडला, बटण दाबलं.
काटा पार उजवीकडे.
पाठवलेलं जवळजवळ सगळं परत येत होतं.
सात आठवडे हा माणूस
आपल्याच यंत्राला हाका मारत होता,
आणि तिकडचा कुणी मारत असेल
तर तीही या बुडाशी येऊन संपत होती.

अँटेना गुळगुळीत, सरळ.
वर माझीच नळी, गेल्या ऑगस्टची,
बुडाशी माझ्या खुणेचा लाल दोरा.
पात्याने उभी चिरली. मग रबर चिरलं.
दोन बोटं वर स्प्रिंग तुटलेली,
दोन्ही टोकं हिरवी.
तडा तेव्हा पाहिला होता. आत पाहिलं नव्हतं.
झाकली मूठ.

शेगडीत लाकूड सरकवलं. उगाच.
मग म्हटलं, नोल्बेर्तो, चूक भावाची नाही. माझी आहे.

तो ती तार दिव्याखाली धरून बसला.
रागावला असता तर बरं झालं असतं.
किती झाले, एवढंच विचारलं.
नवा अँटेना मी माझ्या रेडिओचा काढून दिला,
पैसे कसले घेते.

इथून बोल, म्हटलं. नाही म्हणाला.
टोपी कानावर ओढून धक्क्याच्या टोकापर्यंत गेला.
टेबलावरच्या मोठ्या सेटवर आवाज आला:
एवारिस्तो. काय रे. किती पोती निघाली?

बराच वेळ नुसती खरखर.
मग केनाकहून, जाड, सर्दी झालेला आवाज:
सोळा नंबर मोकळा ठेव, गाढवा. बहात्तरवर ये.

मी बहात्तरवर गेले नाही.
खोकं पुढे ओढलं,
लाल दोऱ्याचे अकरा निघाले,
ते वेगळे काढले, आणि पातं घेतलं.