एकच व्हाण

रेडिओवर त्याचं नाव आलं
तेव्हा मी सोसायटीच्या ऑफिसात डिझेलच्या पावत्या लावत होते.
कुठल्याशा देशाने ठेवलेलं, फुलाचं नाव.
निवतीत ते कुणाच्या जिभेवर बसेना.
तारीमामा म्हणाले, फूल तर फूल, देठ खंय?

पास्कू ओट्यावर जाळ्याला गाठी मारत होता.
तेवीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस,
दोन बोटं कुठल्यातरी बंदरात यंत्राला दिलेली.
म्हणाला, "ह्येचां खरां नाव हुराकान.
थयल्या लोकांचो देव तो, बाय.
एकाच पायार उभो रवता, म्हणान गरगरता.
गोऱ्यांनी देव थयच ठेवल्यानी,
नाव तेवढां नेल्यानी.
आमच्या आजयेच्या तोंडात ता फुरकांव."

मला ते नाव दिसलं:
गलबताच्या पोटात, मिरीच्या गोणींशेजारी,
बंदरागणिक एकेक अक्षर खारं होत,
शेवटी हवामान खात्याच्या पत्रकात
वेग ताशी इतका, दिशा वायव्य.

आपल्याकडे वेतोबाला वहाणा वाहतात.
रात्री गावभर फिरून तो तळ झिजवतो,
सकाळी पुजारी उलट्या धरून दाखवतो.
"मग ह्येका काय व्हायचां?" मी हसत विचारलं.
पास्कू हसला नाही. दातांनी दोरा तोडला.
"एकच. डावी काय उजवी, ता म्हायत नाय."

मग तीन रात्री.
त्यांच्याबद्दल मला काही सांगायचं नाही.
माडांचे शेंडे गेले तेव्हा आवाज झाला नाही,
किंवा सगळा आवाजच होता.

चौथ्या दिवशी किनाऱ्यावर
थर्माकोल, मेलेल्या कुर्ल्या,
माझ्याच अक्षरातली डिझेलची पावती,
वर बिनडोक्याचे माड,
एकेका पायावर.

आणि ओल्या वाळूत रबरी चप्पल. नऊ नंबर. डावी.
पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला.
अशी तार गावात एकटा लवू मेथर बांधतो.

रजिस्टरात रकाना आहे: सापडलेल्या वस्तू.
मी लिहिलं, चप्पल, नग एक.
'कुणाची'पुढे पेन थांबलं.
लवूची बायको दारात आली होती,
एक पाय उंबऱ्याच्या आत,
दुसरा अजून बाहेर.

पास्कूने चप्पल उचलली, वाळू झाडली.
"तेचीच आसतली," म्हणाला.
कुणाची, ते बोलला नाही.
आम्हीही विचारलं नाही.