वाक्यात उपयोग करा

शाहूपुरीत, सायकल दुकानावरच्या खोलीत
इनामदार सरांनी फळ्यावर लिहिलं : प्लेज.
म्हणजे प्रतिज्ञा. गंभीरपणे दिलेला शब्द.
वाक्यात उपयोग करा.

दिगंबरनं इंग्रजीत तंबाखू सोडली,
पुडी खिशातच.
कुणी देशासाठी केली, कुणी आईसाठी.

मेसच्या पोळ्या लाटून आलेली
यमुना चौगुले उठली.
"आय प्लेज माय पाटल्या."
वर्ग फिस्सकन हसला.
"पाटल्या नव्हे, बाई. काहीतरी करायची –"

"न्हाई सर. गुजरीतल्या पावतीवर
ह्योच शब्द हाय, छापलेला.
खाली माझी सही."

सरांनी डिक्शनरी उघडली.
दुसरा अर्थ, बारीक अक्षरात :
गहाण ठेवणे.
खडू हातातच राहिला.

यमुना अजून उभीच.
"ह्येचा भूतकाळ
कसा करायचा, सर?"