निळा पडदा

फॉर्ममध्ये तीन रकाने: नाव, वडिलांचं नाव, आडनाव.
तिच्या पासपोर्टात दोनच शब्द, शू यानछिउ.
शू आडनाव, ती म्हणाली, आमच्यात ते आधी येतं.
म्हटलं, पोरी, शाळेच्या हजेरीत
मीही नगराळे कुंदा हरिदासच होते,
लिही बिनधास्त.
मधला रकाना मात्र कॉम्प्युटर रिकामा सोडू देईना.
तिथं आम्ही एक टिंब दिलं.
तीन वर्षं तिचा बाप सरकारदरबारी टिंब होता.

टेकडीवरच्या विद्यापीठात ती हिंदी शिकत होती.
हिंदी तिनं निवडली नव्हती.
तिकडच्या बारावीला गुण थोडे कमी पडले
आणि उरलेल्या जागांत ही भाषा होती.
मैत्रिणी मेलबर्नला गेल्या, एक टोरंटोला,
त्यांच्या फोटोंत बर्फ.
हिच्या फोटोत बेबीबाई तडसची न्हाणी,
दोरीवरचे मोजे,
आणि मे महिन्यातल्या शेहेचाळीस अंशांत
थर्मासमधून वाफाळतं पाणी.
बेबीबाई गल्लीभर सांगायची,
"मायबाई, ऊनऊन पाणी पेते थे पोट्टी!"

भाजीवाल्याला ती विचारायची,
कृपया, क्या आप बताने का कष्ट करेंगे.
तो म्हणायचा, "काऊन वं, काय पायजे?"
चार वर्षांची हिंदी
त्या 'काऊन'पाशी येऊन उभी राहिली.
दिवाळीपर्यंत तीच म्हणू लागली,
"आंबाडी काऊन महाग झाली बाप्पा?"
सगळा बाजार हसला.
संध्याकाळी दुकानात येऊन तिनं विचारलं,
ते माझ्यावर हसले की माझ्यासोबत?
मला सांगता आलं नाही.
काचेखाली दिवा फिरत राहिला, कागद पडत राहिले.

बँकेनं खातं उघडलं नाही.
शाळेतली पोरं सायकलवरून ओरडत जायची,
काय ते मी इथं लिहीत नाही.
हवालदार उईके महिन्यातून एकदा यायचे,
पत्ता तोच आहे का बघायला,
ओशाळून चहा प्यायचे,
"वरून फोन येते ताई."

रविवारी चारला तिच्या आईचा कॉल.
तिकडचं ॲप इकडे बंद,
कुठल्याशा आडवाटेनं ती जोडून घ्यायची
आणि बसायची माझ्या स्टुलावर,
पासपोर्ट फोटोसाठी लावलेल्या निळ्या पडद्यासमोर.
मागे नुसतं निळं.
ना गंजका कूलर, ना कावीळ झालेल्या आठवड्यातली खोली.
पलीकडून आई म्हणायची, छ्र ला मा?
ही म्हणायची, छ्र ला.
मला वाटलं कुणाचं नाव असेल.
जेवलीस का? जेवले.
हातात बिस्किटांचा पुडा, अर्धा.

आईच्या मागेही एक भिंत असायची,
पांढरी, दर रविवारी तीच.
घराला रंग दिला असेल, ती म्हणाली होती.

मग चुलतभावाचा मेसेज आला.
भिंत दवाखान्याची होती.
चार महिने.
कारखान्यात बापाचा हात मशिनीत गेला होता,
आणि मग जखम चिघळत गेली.
व्हिसावर परत येण्याचा शिक्का नव्हता,
गेली की गेलीच,
आणि प्रबंधाची दोन प्रकरणं बाकी.
त्या रविवारी तिनं कॉल घेतला नाही.
स्टुलावर बसली,
पडद्याकडे तोंड करून.
आधारच्या फोटोसाठी आलेलं पोरगं
केस ओले करून, भांग पाडून उभं.
थांब रे बाबू, म्हटलं,
लाइट गेली आहे.
पंखा फिरत होता.
पोरगं पंख्याकडे बघत गप्प राहिलं.

जूनमध्ये ती गेली, पाच प्रती बांधून.
बिघडलेल्या प्रिंटांच्या गठ्ठ्यात ती अजून निघते,
अर्धा चेहरा काळा, कधी नुसता कान.
त्यांच्या पाठीवर मी उधारी लिहिते.
आज तो फॉर्म निघाला, मधल्या रकान्यात टिंब.
बाजूला ठेवला.
मग गिऱ्हाईक आलं, दुसरा कागद सापडेना,
उलटा करून त्यावरच लिहिलं:
बारा प्रती, चोवीस रुपये, बाकी.